बेरोजगाराची अंकलिपी

नोकरी नसली की माणूस बेरोजगार होतो, हा नवशिक्यांचा पहिला गैरसमज. घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या आणि स्थळं सुचवणाऱ्या मावशींच्या लेखी तो होतही असेल. सरकारच्या लेखी होत नाही. सरकारच्या लेखी बेरोजगार व्हायला अर्ज करावा लागतो, अर्जाला कागद जोडावे लागतात आणि त्या दिवशी पोर्टल चालू असावं लागतं. तोवर तुम्ही नुसते घरी बसलेले आहात.

ही अंकलिपी महाराष्ट्रात अशा घरी बसलेल्यांसाठी आहे. सरकारी मदतीला नावं ठेवण्याचा हेतू नाही. मदत खरोखरच आहे आणि बरीच आहे. ती कुणासाठी आहे एवढं एकदा कळलं की पुढची पायपीट कमी होते. बहुतेक योजना दोन माणसांसाठी आहेत: ज्याला नुकतीच नोकरी होती तो, आणि ज्याला लवकरच लागणार आहे तो. मधल्या माणसासाठी प्रमाणपत्रं आहेत. याला एक अपवाद आहे, जुना आणि मोठा. तो शेवटच्या धड्यात ठेवला आहे, कारण पाठ्यपुस्तकातलं चांगलं प्रकरण शेवटी असतं आणि परीक्षेआधी तिथवर कुणी पोचत नाही, ही आपल्याकडची रीतच आहे.

धडा पहिला : नाव घालणे

वडिलांच्या पिढीत "एम्प्लॉयमेंटला नाव घातलं का?" हा प्रश्न दहावीच्या निकालाबरोबरच यायचा. पेढे वाटून झाले की पोरगा जिल्ह्याच्या गावी जाऊन रांगेत उभा. मिळालेलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवायचं, मुदत संपायच्या आत नूतनीकरण करायचं आणि 'कॉल' यायची वाट पाहायची. नूतनीकरण चुकलं की ज्येष्ठता गेली. बेरोजगारीतली ज्येष्ठता ही त्या काळात कित्येकांना मिळालेली एकमेव बढती होती.

ही व्यवस्था मुळात पदवीधरांसाठी नव्हतीच. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, जुलै १९४५ मध्ये, सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या माणसांना नागरी कामात बसवण्यासाठी केंद्राने ती उभी केली. नंतर दारं सगळ्यांना उघडली आणि नोव्हेंबर १९५६ पासून रोजचा कारभार राज्यांकडे आला. मग १९५९चा कायदा झाला: सरकारी आस्थापनांनी आणि पंचवीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनांनी आपल्याकडच्या रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवल्याच पाहिजेत. इथे पेन्सिलीने खूण करा. जागा कळवल्या पाहिजेत. कळवली म्हणून ती कार्यालयाच्याच माणसाने भरायला हवी असं बंधन मालकावर नाही, हेही त्याच कायद्यात स्वच्छ लिहून ठेवलं होतं. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ या कार्यालयाच्या यादीवर विसंबू नका, वर्तमानपत्रात जाहिरात द्या आणि जे अर्ज करतील त्या सगळ्यांचा विचार करा. निकाल न्याय्यच होता. फक्त कपाटातल्या कार्डाचा भाव त्या दिवशी पडला.

आता कार्ड गेलं आणि महास्वयम पोर्टल आलं. सेवायोजन कार्यालयाचं नावही वाढून 'जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र' झालं आहे. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना मात्र अजून एम्प्लॉयमेंटच म्हणा, नाहीतर तो तुम्हाला आयटीआयच्या दारात सोडेल.

नोंदणी फुकट आहे आणि मोबाइलवरून होते. तरीही नवशिक्या ती सायबर कॅफेत करतो आणि तिथला मुलगा घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर, स्वतःचाच ईमेल टाकून मोकळा होतो. पुढे कधी काळी मुलाखतीचं बोलावणं आलंच, तर ते त्या मुलाला येतं. त्याला नोकरीची गरज नाही, त्याचं दुकान तुमच्यावरच चाललेलं आहे. तेव्हा नंबर आपला, पासवर्ड आपला, आणि तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेला. शिक्षण वाढलं, एखादा कोर्स झाला, तर नोंदणीत भर घाला. पोर्टल स्वतःहून तुमची विचारपूस करत नाही. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस नावाचं असंच दुसरं पोर्टल २०१५ पासून आहे. तिथेही नाव घाला. दोन ठिकाणी बेरोजगार असायला हरकत नाही, दोन ठिकाणी नोकरीला असायला आहे.

नोंदणी केली की अधूनमधून रोजगार मेळाव्याचा मेसेज येतो. जरूर जा. मंडप असतो, दीपप्रज्वलन असतं, मान्यवरांचं भाषण असतं आणि त्यात "तरुणांनी नोकरी मागणारे न होता नोकरी देणारे व्हावं" हे वाक्य असतं. ते ऐकायला शेकडो नोकरी मागणारे बायोडाटाची चळत घेऊन उन्हात उभे असतात. भाषण संपल्यावर खरं काम सुरू होतं. प्रत्येक टेबलावर तीन प्रश्न विचारा: कामाचं ठिकाण कोणतं, कापून हातात किती येणार, आणि पगार कंपनी देणार की कंत्राटदार. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस पाण्याची बाटली उघडू लागला, तर उत्तर मिळालं असं समजा.

धडा दुसरा : कागद

अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, त्याची पडताळणी, नॉन-क्रीमी लेअर. बेरोजगाराला उत्पन्नाचा दाखला लागतो यात विनोद शोधू नका. तो घराच्या उत्पन्नाचा असतो आणि घरात कुणीतरी कमावतं असावं असं सरकारने प्रेमाने गृहीत धरलेलं आहे.

या धड्यातली कामाची गोष्ट एकच. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित झालेला प्रत्येक दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे ते ठरलेलं आहे, कार्यालयाने ते फलकावर लावायचं असतं, आणि मुदत चुकली की तुम्ही पहिलं अपील, दुसरं अपील करू शकता. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. अपील करायची वेळ सहसा येत नाही. खिडकीपाशी नम्रपणे एवढंच विचारायचं: "साहेब, यावर पदनिर्देशित अधिकारी कोण आहेत?" प्रश्न ऐकून कारकून मान वर करतो. त्याआधी त्याने ती केलेली नसते.

धडा तिसरा : बेरोजगारी भत्ता

या धड्यात मजकूर नाही.

राजस्थानात नोंदणीकृत पदवीधर बेरोजगारांना महिन्याला ठराविक रक्कम देणारी योजना आहे. महाराष्ट्रात सरसकट सगळ्यांना मिळेल असा मासिक भत्ता नाही. पण मोबाइलवर दर काही महिन्यांनी "महाराष्ट्र बेरोजगारी भत्ता, दरमहा पाच हजार, आजच अर्ज करा" असा मेसेज येतो. व्हिडिओतला माणूस बाण दाखवून खालच्या लिंकवर जायला सांगतो. जाऊ नका. भत्त्यासाठी कुणी आधी नोंदणी शुल्क मागत असेल, तर भत्ता त्यालाच चालू होणार आहे.

धडा चौथा : आधी नोकरी असावी

खरा भत्ता देशात आहे. तो कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे आहे, आणि तिथले पेशंट सोडून फार थोड्यांना त्याची खबर आहे. महिन्याला २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्यांच्या पगारातून 'ईएसआय' नावाची छोटी रक्कम कापली जाते: तुमच्याकडून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन. बहुतेकांना वाटतं ती दवाखान्यासाठी आहे. आहेच. पण १ जुलै २०१८ पासून त्यात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेली तर सरासरी रोजच्या कमाईच्या पंचवीस टक्के रक्कम मिळायची. करोनाच्या टाळेबंदीच्या वेळी, २४ मार्च २०२० पासून, ती पन्नास टक्के झाली. जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच. नोकरी गेल्यावर तीस दिवसांनी अर्ज करता येतो. योजना मुळात तात्पुरती होती. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत ती टिकली आहे. कंत्राटी कामगारांना हे वाचून घरचं वाटेल.

अटी नीट वाचा. किमान दोन वर्षं विमापात्र नोकरी झालेली हवी. नोकरी जाण्याच्या आधीच्या अंशदान काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी कुठल्या तरी एकातही तेवढीच. गैरवर्तनाबद्दल काढून टाकलं असेल, निवृत्त झाला असाल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर नाही. म्हणून एक सल्ला: मॅनेजर केबिनमध्ये बोलावून म्हणाला की "आम्ही काढत नाही, तूच राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील", तर कुणाचं रेकॉर्ड, हे आधी विचारा. सही घरी जाऊन करता येते.

त्याच महामंडळाची दुसरी योजना याहून जुनी आणि उदार आहे, म्हणूनच बहुधा कुणी तिचं नाव घेत नाही. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासून. कारखाना बंद पडला, कामगार कपात झाली, किंवा कामाबाहेरच्या अपघाताने चाळीस टक्क्यांहून कमी नाही असं कायमचं अपंगत्व आलं, तर चोवीस महिन्यांपर्यंत भत्ता: पहिले बारा महिने रोजच्या कमाईच्या पन्नास टक्के, पुढचे बारा पंचवीस टक्के. शिवाय त्या काळात दवाखाना चालू. बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकावर कुलूप लावतात, नोटीस लावतात. या योजनेचा कागदही शेजारी चिकटवला तर डिंक थोडाच जास्त लागेल.

भविष्य निर्वाह निधीला मी मदत म्हणणार नाही. ते तुमचेच पैसे आहेत, परत मागण्याचा अर्ज मात्र सरकारचा आहे. दोन महिने बेरोजगार राहिलात की सगळी रक्कम काढता येत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने तो काळ बारा महिने करायचं ठरवलं. पाऊण रक्कम आधी काढता येईल, पाव शिल्लक ठेवायची. अकराव्या महिन्यात नोकरी लागली तर आनंद मानायचा की हळहळ, हे ज्याचं त्याने पाहावं.

आणि हे सगळं ज्याच्यापाशी नाही त्याच्यासाठी, म्हणजे ज्याला कधी नोकरीच लागली नाही त्याच्यासाठी, १ ऑगस्ट २०२५ पासून पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजना आहे. पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला पंधरा हजारांपर्यंत रक्कम मिळते: पहिला हप्ता सहा महिने नोकरी केल्यावर, दुसरा बारा महिने केल्यावर. म्हणजे बेरोजगारीवरची मदत घ्यायला बेरोजगाराने फक्त एक वर्ष नोकरी करायची आहे.

धडा पाचवा : लाडका भाऊ

२०२४च्या जून महिन्यातल्या अर्थसंकल्पात राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, आणि जुलैत आषाढी एकादशीला पंढरपुरातून तिचा गाजावाजा झाला. लाडक्या बहिणीपाठोपाठ आली म्हणून लोकांनी हिचं नाव लाडका भाऊ ठेवलं. वय १८ ते ३५. बारावी झालेल्याला महिन्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ, पदवीधराला दहा. सहा महिने एखाद्या आस्थापनेत प्रशिक्षण, विद्यावेतन थेट बँक खात्यात.

आस्थापना खासगी असू शकते, पण पुष्कळ भाऊ सरकारी कार्यालयांतच गेले. पंचायत समितीत, तलाठी कार्यालयात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. गंमत अशी झाली की जिथे वर्षानुवर्षं जागा रिकाम्या होत्या, तिथे हे पोरगं संगणक चालवणारं एकटंच निघालं. पहिल्या आठवड्यात त्याने चहा सांगितला, दुसऱ्यात टपाल लावलं, महिन्याभरात त्याच्यावाचून अहवाल जाईना. "अरे, तू नसलास की कामं अडतात," असं साहेब कौतुकाने म्हणू लागले. सहा महिने झाले तेव्हा भाऊंनी साहजिकच विचारलं, "कामं अडतात तर मग ठेवून घ्या की." मोर्चे निघाले, उपोषणं झाली, पाच महिन्यांची वाढ मिळाली. प्रशिक्षणाने नोकरीवर हक्क लागत नाही असं नियमात पहिल्यापासून होतं. नियम बरोबर होता आणि पोरंही बरोबर होती. ज्याने सहा महिने काम केलं त्याला आपण काम करत नव्हतो, शिकत होतो, हे पटवणं अवघड असतं.

नवशिक्याने काय करावं? संधी मिळाली तर घ्यावी. विद्यावेतन वेळेवर येण्यासाठी आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का ते पहिल्याच दिवशी बघावं, हजेरीची नोंद स्वतःकडेही ठेवावी, आणि केलेल्या कामाचा तपशील लिहिलेलं प्रमाणपत्र मागावं. 'चांगली वर्तणूक' असं मोघम लिहून देतात, ते घेऊ नये. ज्यांना हात काळे करायची तयारी आहे त्यांनी याहून जुना, १९६१च्या कायद्याखालचा शिकाऊ उमेदवारीचा रस्ता धरावा. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. माझ्या मते आयटीआय करून चांगल्या कारखान्यात शिकाऊ म्हणून राबलेलं पोरगं बाजारात लवकर उभं राहतं. त्याचं एकादशीला भाषण होत नाही एवढंच.

धडा सहावा : नोकरी देणारे व्हा

मेळाव्यातलं वाक्य मनावर घेतलंत तर या धड्यात या. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून आहे, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून. उत्पादनासाठी पन्नास लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, सेवा उद्योगाची मर्यादा त्याहून कमी. शहर की खेडं आणि तुमचा प्रवर्ग यांवरून पंधरा ते पस्तीस टक्के अनुदान. स्वतःचे पाच ते दहा टक्के घालायचे, बाकी बँकेचं कर्ज. अर्ज ऑनलाइन, जिल्हा उद्योग केंद्राकडून छाननी, आणि मग बँक.

बँकेपर्यंतचा प्रवास सोपा आहे. तिथे गेल्यावर साहेब फाइल उघडतात.

"सध्या काय करता?"

"सध्या बेरोजगार आहे."

"मग हप्ता कसा फेडणार?"

"धंद्यातून."

"धंद्याचा अनुभव?"

"अजून सुरू व्हायचाय, साहेब. त्यासाठीच तर कर्ज."

"घरात कुणी नोकरीला आहे का? जामीन म्हणून?"

इथे नवशिक्या खचतो. खचू नये. पंतप्रधान कार्यक्रमात दहा लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला तारण मागू नये असं रिझर्व्ह बँकेचं धोरण आहे. हे हळू आवाजात, दार लोटून सांगावं. काउंटरवर चारचौघांत सांगितलं तर साहेबांना 'वरून विचारून घ्यावं लागेल', आणि वरचा माणूस नेहमी रजेवर असतो. अनुदान मिळालं म्हणजे हातात आलं असंही समजू नये. ते बँकेत तुमच्या नावे तीन वर्षं अडकवून ठेवतात. धंदा नीट चालला तर कर्जात वळतं होतं. प्रकल्प अहवालाचा एक सांगाडा गावोगाव फिरत असतो: शेवयांच्या यंत्राच्या जागी पिठाची गिरणी, गिरणीच्या जागी फ्लेक्स छपाई, आकडे तेच. बँकेने तो वीसदा वाचलेला असतो. आपला अहवाल आपण लिहावा, त्यात आपल्या गावात आधीच किती गिरण्या आहेत ते खरं लिहावं, आणि एजंटाला पैसे देऊ नयेत, कारण या योजनांना एजंट नसतातच.

अण्णासाहेब पाटील महामंडळाची तऱ्हा निराळी. मुख्यतः मराठा समाजातल्या तरुणांसाठी आणि ज्यांना स्वतंत्र महामंडळ नाही अशांसाठी. महामंडळ कर्ज देत नाही, तुम्ही बँकेचं कर्ज घ्यायचं, हप्ता वेळेवर भरायचा, की व्याज परत मिळतं. कर्ज घेण्याआधी महामंडळाचं पात्रता प्रमाणपत्र काढायचं, हा क्रम उलटा झाला तर व्याज तुमचं. योजना चांगली आहे. फक्त ज्याला बँक दारात उभी करते त्याच्याच उपयोगाची.

धडा सातवा : सरकारला मदत

मदतीची देवाणघेवाण एकतर्फी नसते. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गाला एक हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. गुणाकार विद्यार्थ्यांनी स्वतः करावा. महाराष्ट्रातल्या बेरोजगारांनी एका भरतीत राज्याच्या बाजूने एवढी रक्कम उभी केली, तीही बिनव्याजी आणि परतफेडीच्या अटीशिवाय. परीक्षेचं केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आलं तर एसटीलाही हातभार लागतो.

धडा आठवा : मागेल त्याला काम

आता तो अपवाद.

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर नावाचं गाव आहे. तिथले वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली त्यांनी आपल्याच भागात एक प्रयोग केला: ज्याला अंगमेहनतीचं काम हवं आहे त्याला सरकारने ते दिलंच पाहिजे. १९७२च्या दुष्काळात ही कल्पना राज्यभर गेली. रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव, खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा, सुकडीचे डबे. त्या वर्षांत लहान असलेल्या कुणालाही विचारा. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. अनुभव किती, ओळख कुणाची, आधी कुठे होतात, वर्गणी किती दिवस भरली, यातलं काही त्या कायद्याने विचारलं नाही. काम मागायला आलात एवढंच पुरे. पुढे २००५ साली केंद्राने साऱ्या देशासाठी असाच कायदा केला, तेव्हा वाट विसापूरवरून गेलेली होती.

त्यासाठी पैसा कुठून आणला हे शहरातल्या वाचकाने मुद्दाम वाचावं. १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला, तो या हमीसाठी. नोकरीत असताना तुमच्या पगारपत्रकावर दरमहा दोनशे रुपयांची कपात दिसायची आणि फेब्रुवारीत तीनशेची, आठवतं? फेब्रुवारी एवढ्याचसाठी, की राज्यघटनेने या कराला वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे, आणि बारा दुणे चोवीसनंतर शंभर कमी पडतात. ऑफिसात कुणी विचारलं की अकाउंटंट "पीटी आहे, सगळ्यांचाच कापतात" म्हणून गप्प करायचा. तो पीटी म्हणजे दुष्काळी भागातल्या माणसाच्या कामाची हमी होती. शहरात तुमची नोकरी गेली तर तुम्हाला मात्र तशी हमी नाही. कायदा ग्रामीण भागापुरता आहे. पुण्यामुंबईत वर्षानुवर्षं पीटी भरून घरी बसलेल्या माणसाने गावच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केलं नसतं, तर निदान ग्रामपंचायतीत जाऊन काम मागता आलं असतं. आता तिथे चुलतभावाला हे सांगून बघा, तो आधी हसेल.

केंद्राच्या २००५च्या कायद्याने कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली. महाराष्ट्रात त्यापुढचं काम राज्याच्या खर्चाने. २०२५-२६ सालची महाराष्ट्रातली मजुरी रोज ३१२ रुपये. काम पाच किलोमीटरच्या आत, लांब असेल तर दहा टक्के मजुरी जास्त. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस सव्वाशे केले आहेत, खर्चात राज्यांचा वाटा वाढवला आहे आणि पेरणी-काढणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामं थांबवायची मुभा ठेवली आहे. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांची मुदत त्यातही आहे.

ती मुदत हाच या सगळ्याचा प्राण. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्ता द्यावा लागतो: पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा. म्हणजे ज्या भत्त्याच्या शोधात तुम्ही तिसऱ्या धड्यात त्या लिंकवर जाणार होता, तो हा. कायद्यात लिहिलेला, आधीच्या नोकरीची अट नसलेला. तो फारसा कुणाला मिळत नाही, आणि का ते समजायला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दहा मिनिटं बसावं.

"काम पाहिजे होतं, भाऊ."

"या की मग सोमवारी. तळ्याचं काम निघतंय बहुतेक."

"अर्ज देऊ का?"

"अर्ज कशाला? मी तुम्हाला ओळखत नाही का? जॉबकार्ड आहे ना? मग झालं."

ग्रामरोजगार सेवक बोलायला गोड असतो आणि बहुतेकदा खरोखर भला असतो; त्यालाही तुटपुंज्या मानधनावर सगळं गाव सांभाळायचं असतं, आणि कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो ॲपवर चढवायचे असतात, रेंज असो नसो. पण तुम्ही अर्ज दिला नाही म्हणजे तुम्ही काम मागितलंच नाही. मागितलं नाही म्हणजे पंधरा दिवस सुरूच झाले नाहीत. मग तळ्याचं काम सोमवारी निघो की पुढच्या दिवाळीत, सरकार कुणाचं काही देणं लागत नाही. मागणीचा अर्ज म्हणजे नमुना ४. त्याची तारीख टाकलेली पोच म्हणजे नमुना ५. ही पोच देणं त्यांना बंधनकारक आहे, तुम्ही कितीही ओळखीचे असलात तरी. ती मागताना चेहरा कसनुसा होतो, आपण भांडायला आलो आहोत असं वाटतं. गावात तर हमखास वाटतं, कारण सेवक आपल्याच भावकीतला असतो. चार जणांनी मिळून एकदम मागितली की कमी वाटतं. ज्या गावांत मजुरांची संघटना आहे तिथे लोक नमुना ४ गठ्ठ्याने देतात आणि पोच घेतल्याशिवाय ओट्यावरून उठत नाहीत.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा. (हा प्रश्न शासनासाठी आहे. विद्यार्थ्यांनी सोडवू नये.)

२. एका वाक्यात उत्तर द्या: बँकेला जामीन म्हणून नोकरी करणारा माणूस हवा असेल, तर बेरोजगारांच्या कर्जयोजनेचा लाभार्थी कोण?

३. चूक की बरोबर ते लिहा: प्रशिक्षणार्थी नसला की कामं अडतात. प्रशिक्षणार्थी कर्मचारी नसतो.

४. तोंडी हिशेब. रामभाऊंनी १ तारखेला काम मागितलं. पंधरा दिवस झाले, काम निघालं नाही. त्यानंतर आणखी तीस दिवस गेले, तरी निघालं नाही. मजुरी रोज ३१२ रुपये धरल्यास पाव दराने तीस दिवसांचा भत्ता २,३४० रुपये होतो. रामभाऊंना प्रत्यक्षात किती मिळाले? (सूचना: उत्तर लिहिण्यापूर्वी त्यांच्याकडे नमुना ५ आहे का ते विचारा.)